एकेक फोटॉन मोजायला शिकायचं तर

सोलापुरात ईअँडटीसी किंवा बीएस्सी फिजिक्स करणारी मुलं एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, टिपणाऱ्या स्पॅड सेन्सरबद्दल ऐकतात आणि हमखास विचारतात, "सर, आपल्याकडे ना लेसर, ना मायक्रोस्कोप. सुरुवात कुठून करायची?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आकडेमोडीपासून करा. चिप हातात यायच्या आधी करण्यासारखं खूप आहे, आणि ते करून आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशीच ओळखू येतो.

आधी विषय काय ते बघू. अंधारात घरातल्या पांढऱ्या टॉवेलवर यूव्ही टॉर्च मारा. तो निळसर उजळतो, कारण कापडातलं किंवा धुण्याच्या पावडरमधलं ब्राइटनर अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. हीच प्रतिदीप्ती. टॉर्च बंद केल्यावर उजेड तत्क्षणी गेला असं वाटतं, पण रेणू काही काळ उत्तेजित राहिलेले असतात. त्या काळाची सरासरी म्हणजे लाइफटाइम. फ्लुरोसीन या रंगाचा लाइफटाइम सुमारे ४ नॅनोसेकंद आहे. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम सव्वा मीटर जातो. नमुना किती उजळला हे रंग किती पडला आणि लेसर किती जोराचा होता यावर ठरतं. किती वेळ उजळला हे मात्र बहुतांशी रेणूच्या आसपास काय आहे यावर ठरतं. पेशीतलं एनएडीएच (ऊर्जानिर्मितीत भाग घेणारा, स्वतःच उजळणारा रेणू) मोकळं असेल तर साधारण ०.४ नॅनोसेकंद, प्रथिनाला चिकटलेलं असेल तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे बाहेरून कुठलाही रंग न घालता पेशीच्या चयापचयाचा अंदाज येतो. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळे.

आता पायथॉन उघडा. शून्य ते एकमधली यादृच्छिक संख्या घ्या, तिचा नैसर्गिक लॉग काढा, उणे चारने गुणा. एका फोटॉनची वेळ मिळाली. अशा १०० वेळांची सरासरी घ्या आणि हा प्रयोग पुन:पुन्हा चालवा. उत्तर चारच्या आसपास १० टक्क्यांनी हलताना दिसेल. १०,००० फोटॉन घेतले की तेच हलणं १ टक्क्यावर येतं. फोटॉन शंभरपट, अचूकता फक्त दहापट! हे डोळ्यांनी पाहिलं की प्रत्येक फोटॉनची किंमत कळते.

मग त्यात अडथळा घाला. लेसरच्या एका पल्सला सरासरी एक फोटॉन येतोय असं धरा, आणि डिटेक्टर प्रत्येक पल्सला फक्त पहिलाच फोटॉन नोंदवतो असंही धरा. लाइफटाइम खऱ्यापेक्षा कमी येईल, कारण उशिरा येणारे फोटॉन मोजलेच जात नाहीत. याला पाइल-अप म्हणतात. म्हणून शंभर पल्समागे मोजकेच फोटॉन येतील इतका प्रकाश कमी ठेवावा लागतो, आणि एकच डिटेक्टर घेऊन चित्र स्कॅन करायला वेळ लागतो. हजारो पिक्सेल एकाच वेळी मोजू लागले तर? प्रत्येकाच्या वाट्याला थोडे फोटॉन येतात, पण एकूण साठा भराभर वाढतो. स्पॅडचे इमेज सेन्सर लाइफटाइमसाठी हवेत ते याचसाठी.

स्पॅड म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजच्या (ज्या उलट्या व्होल्टेजला डायोडमधून एकदम प्रवाह वाहू लागतो त्याच्या) काही व्होल्ट वर, उलट्या बायसवर म्हणजे उलट्या जोडलेल्या व्होल्टेजवर ठेवलेला डायोड. एक फोटॉन एक इलेक्ट्रॉन सोडवतो, त्यातून अव्हलांच, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा लोंढा, उसळतं, सर्किट ते विझवून डायोड पुन्हा सज्ज करतं. वेळ नोंदवायची तर पिक्सेलजवळ टीडीसी (वेळ मोजून आकड्यात देणारं सर्किट) लागतो आणि तो जागा खातो. त्याऐवजी पल्सनंतर ठरावीक वेळेपुरतंच मोजू देणारं गेट उघड-बंद करून ती वेळ थोडी थोडी सरकवता येते. पिक्सेल लहान होतो, पण गेटबाहेरचे फोटॉन वाया जातात. स्विसस्पॅड-२ हा सेन्सर गेटवाला: ५१२ × ५१२ पिक्सेल, सेकंदाला सुमारे ९७,७०० एक-बिटी फ्रेम. गुणाकार करा. सेकंदाला तीन गिगाबाइटच्या वर डेटा. तो वाहून नेणारा एफपीजीए (हवं तसं सर्किट बसवता येणारी चिप) लिहिणाऱ्या माणसाची या क्षेत्रात फार गरज असते, म्हणून अशी सर्किटं लिहायची भाषा, व्हेरिलॉग, येणाऱ्यांनी बिचकू नये.

आपल्याकडचा उन्हाळा इथे कामी येतो. अंधारातही स्पॅड खोट्या नोंदी देतो, आणि दर ८ ते १० अंशांना त्या ढोबळमानाने दुप्पट होतात. याची झलक साध्या बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोडवर घेता येते. डायोड काळ्या टेपने नीट झाका, ९ व्होल्टची बॅटरी उलटी जोडा, आणि मल्टिमीटर व्होल्टच्या रेंजवर ठेवून त्याच मालिकेत घाला. बहुतेक मीटरचा आतला रोध १० मेगाओम असतो, म्हणून १ नॅनोअँपिअर गळती मीटरवर १० मिलिव्होल्ट दिसते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे एक वाचन आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत दुसरं. तापमानासह लिहून ठेवा. ब्रेकडाउन व्होल्टेजही तापमानाबरोबर वाढतं, त्यामुळे पुरवठा तोच ठेवला तर स्पॅडची संवेदनशीलता घसरते. कूलिंग आणि बायस यांचा विचार एकत्र का करतात, ते इथे समजतं.

पुढची वाट प्रत्येकाची वेगळी. डिव्हाइस फिजिक्स, चिप डिझाइन, ऑप्टिक्स, विश्लेषण यांतलं एक टोक घट्ट धरा आणि बाकीच्यांची भाषा समजेल इतपत शिका. चिप डिझाइनसाठी महागडं सॉफ्टवेअर नसेल तर स्कायवॉटर या चिप कंपनीचं खुलं १३० नॅनोमीटर डिझाइन किट आणि एनजीस्पाइस हे सर्किट तपासायचं मोफत सॉफ्टवेअर सरावाला पुरतात. पुढच्या शिक्षणासाठी फिजिक्सवाल्यांनी जॅम आणि जेस्ट या परीक्षा, इंजिनिअरिंगवाल्यांनी गेट ही परीक्षा द्यावी. क्लास लावायलाच हवा असं मला वाटत नाही. एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन उपक्रमाची सेमीकंडक्टर आणि ऑप्टिक्सची लेक्चर्स वही घेऊन ऐका.

इंटर्नशिपसाठी पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या प्राध्यापकांना मेल लिहाल तेव्हा "मला आपल्या संशोधनात खूप रस आहे" यावर थांबू नका. पाइल-अपचा तुमचा आलेख जोडा, त्याखाली दोन ओळींत लिहा की कुठल्या मोजणीदरापासून लाइफटाइम घसरू लागला, आणि त्यांच्या एखाद्या पेपरमधल्या दराशी तो ताडून एक नेमका प्रश्न विचारा.