दुसऱ्या राज्यात शिफ्ट होताय? गाडी आधी घ्यायची की तिकडे गेल्यावर?

बदलीची ऑर्डर आली की घरचे पहिलं हेच म्हणतात, इथेच घेऊन टाक, शोरूमवाला ओळखीचा आहे, डिस्काउंट देईल. माझं मत सरळ आहे, तिकडे वर्षापेक्षा जास्त राहणार असाल तर थांबा आणि तिकडे जाऊनच घ्या.

कारण एक्स शोरूम किंमत जीएसटीमुळे सगळीकडे साधारण सारखीच पडते, फरक पडतो तो रोड टॅक्समध्ये. आपल्याकडे महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, कर्नाटकात त्याच गाडीला १७ टक्के आणि वर सेस, म्हणजे १२ लाखांच्या गाडीला इकडे १ लाख ४४ हजार आणि तिकडे २ लाखांच्या वर. मग वाटतं इथे घेतली की तेवढे वाचले, पण ते वाचत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, मग तिथला टॅक्स भरा (गाडीच्या वयाप्रमाणे थोडा कमी होतो) आणि इकडच्या उरलेल्या वर्षांच्या रिफंडसाठी इकडच्या आरटीओत अर्ज करा. तोपर्यंत दोन्हीकडे पैसे अडकलेले.

मी हे भोगलंय, आठ महिन्यांची गाडी पुण्याहून बंगलोरला नेली. लोन चालू, त्यामुळे आधी बँकेचं संमतीपत्र, ते आल्यावर फॉर्म २८ भरून आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र). त्या फॉर्मवर चेसिस नंबरचा छाप लागतो, म्हणजे नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, माझ्या छापात एक आकडा पुसट आला आणि अख्खी फाईल परत. त्यासाठी सुट्टी टाकून परत पुण्याला गेलो. नवीन नंबर मिळाल्यावर इन्शुरन्स आणि फास्टॅगवरही तो बदलावा लागला, हे कोणी आधी सांगत नाही. म्हणून एनओसी काढायचीच असेल तर निघायच्या आधी, इथे असतानाच काढा, आणि छाप दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवा.

आता आधी घ्यायचीच असेल तर पहिलं बीएच (भारत सीरीज) नंबर मिळतो का बघा. सरकारी, संरक्षण खातं, पीएसयू (सरकारी कंपन्या), किंवा चार किंवा जास्त राज्यांत/केंद्रशासित प्रदेशांत ऑफिस असलेली प्रायव्हेट कंपनी, यांच्या लोकांना मिळतो, २०२१ पासून सुरू आहे. प्रायव्हेटवाल्यांना एचआरकडून फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) सही करून लागतो, तो गाडी बुक करायच्या आधी मागून ठेवा आणि आरटीओत पण विचारून घ्या. टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा, १० लाखांच्या आत ८ टक्के, २० पर्यंत १०, वर १२, डिझेलला २ जास्त, इलेक्ट्रिकला २ कमी (हे दर पूर्ण मुदतीचे, दर वेळी त्यातला दोन वर्षांचा हिस्साच भरायचा). राज्य बदललं तरी नंबर तोच. फक्त दोन वर्षं झाली की टॅक्सची तारीख चुकवू नका, रोज १०० रुपये दंड लागतो.

बदली वर्षाच्या आतली असेल, परत यायचं नक्की असेल, तर बिनधास्त इथेच घ्या आणि चालवत घेऊन जा, नंबर बदलायची गरज नाही.

बाकी तिकडे जाऊन घेणार असाल तर एकच अडचण, रजिस्ट्रेशनला तिथला पत्ता लागतो. कंपनीच्या गेस्टहाऊसचा पत्ता चालेल असं धरून बसू नका, आधी भाड्याचं घर बघा, अ‍ॅग्रीमेंट नीट रजिस्टर करा आणि मगच बुकिंग करा. पार्किंग मिळतंय का तेही त्याच वेळी कळतं, आणि मोठी गाडी घ्यायची की छोटी ते त्यावरून ठरवा. मधल्या महिनाभर कॅबने फिरलात तरी तो खर्च एनओसीच्या एका फेरीपेक्षा कमी त्रासाचा आहे.