सामाजिक तपासणी अहवाल : ‘कारणं’ लिहायची कशी

विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अठरा वर्षांखालचं मूल, बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर झालं की परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) हातात १५ दिवस असतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे तेवढ्यात सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. अहवालाचा ठरलेला फॉर्म म्हणजे नमुना ६. त्यातलं नाव-गाव, घरातली माणसं, उत्पन्न भराभर भरून होतं. पेन अडतं ते शेवटाकडे, आरोपित कृत्यामागची कारणं आणि विश्लेषण मागितलंय तिथे. मग ‘वाईट संगत, पालकांचे दुर्लक्ष, आर्थिक परिस्थिती हलाखीची’ एवढं लिहून सही होते. त्याच गल्लीतल्या, कधी कशात न अडकलेल्या पन्नास मुलांबद्दलही हेच वाक्य लिहिता येईल. मंडळाने त्यावरून ठरवायचं काय?

तीन प्रश्न डोळ्यांपुढे ठेवा: हाच मुलगा का, आत्ताच का, आणि हेच कृत्य का. गरिबी तिन्हींचं उत्तर देत नाही. गरिबीमुळे नेमकं काय घडलं, ते उत्तराच्या जवळ जातं.

पहिले दोन दिवस कागदांना द्या: एफआयआर, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा नमुना १ मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, शाळेचा दाखला. तिसऱ्या दिवशी मुलाची पहिली भेट. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायची गरज वाटली तर पत्र त्याच दिवशी टाका, कारण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीची तारीख तुमच्या मुदतीकडे बघून मिळत नाही. मग घर, शाळा, कामाची जागा. अकराव्या-बाराव्या दिवशी मुलाची दुसरी भेट, आणि ती चुकवू नका. पहिल्या भेटीत मुलं पोलिसांना दिलेली उत्तरंच परत देतात.

आता एका कोऱ्या पानावर आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर घरात घडलेलं, खाली मुलाच्या वागण्यात दिसलेलं, महिना-वर्षासकट. समजा १६ वर्षांचा मुलगा आहे, आरोप दुचाकी चोरीचा. शाळेच्या हजेरीपटात सातवीपर्यंत महिन्याला वीस-बावीस दिवस भरलेले, आठवीत दिवाळीनंतर एकदम ६, ४, ०. घरचे म्हणतात, “त्याचं अभ्यासात लक्षच नव्हतं.” पण वडिलांचा रिक्षाचा अपघात कधी झाला विचारलं तर आई तीच दिवाळी सांगते. त्यानंतर मुलगा गॅरेजवर जायला लागला, तिथली पोरं १९-२० वर्षांची. गाडी सापडली ती पेट्रोल संपल्यावर रस्त्याकडेला सोडलेली. म्हणजे विकायला नेलेली नव्हती. चोरलेल्या वस्तूचं पुढे काय झालं, हा प्रश्न अहवालात हटकून राहून जातो, आणि ‘हेच कृत्य का’ याचा अर्धा उलगडा त्यातच असतो.

‘संगत’ हा शब्द लिहायचा असेल तर तो फोडून लिहा. कोण, किती वयाचे, कधीपासून, दिवसाचे किती तास, कृत्याच्या वेळी बरोबर कोण होतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी मांडलं होतं की गुन्हा जवळच्या माणसांत शिकला जातो, आणि हातोटीबरोबर समर्थनही शिकलं जातं. ‘सगळेच करतात’, ‘त्याच्याकडे पैसा आहे, त्याचं काय जातंय’ असं मुलगा बोलला तर त्याचेच शब्द टिपा. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या व्हिडिओ खेळावर प्रयोग केला. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलं एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती, प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. त्यामुळे एकट्याने केलेलं आणि चौघांत केलेलं कृत्य एकाच तराजूत तोलू नका.

गृहभेट संध्याकाळी सातनंतर ठेवा, घरातली माणसं तेव्हाच भेटतात. पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका आणि शेजाऱ्यांना कामाचं स्वरूप सांगू नका, कलम ७४ मुलाची ओळख उघड करू देत नाही. ‘घरचं वातावरण कसं आहे?’ विचारलं की ‘चांगलं आहे’ एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा, “काल रात्री कोण कुठे झोपलं होतं?” दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, म्हणून मुलगा रात्री एकपर्यंत नाक्यावर, हे या एका प्रश्नातून बाहेर येतं. मारहाणीबद्दल आईला एकटं गाठून विचारा. मुलाने स्वतःवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर ते फक्त अहवालात ठेवून चालत नाही. पोक्सोच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

मानसिक बाजूला पहिली नोंद एकच: त्रासदायक वागणं पहिल्यांदा कोणत्या वयात दिसलं? टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये केलेली विभागणी इथे कामी येते. काही थोड्यांचं वागणं लहानपणापासून बिघडलेलं असतं आणि पुढेही टिकतं, पण बहुतेकांचं किशोरवयात सुरू होऊन मोठेपणी आपोआप सुटतं. चौदाव्या वर्षापर्यंत सरळ असलेल्या मुलाला ‘गुन्हेगारी प्रवृत्तीचा’ लिहिणं म्हणूनच चूक आहे. शाळा सुटलेल्या मुलाला तिसरीच्या मराठी पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. अडखळला तर अध्ययन अक्षमतेची तपासणी मागा, पण आधी डोळे तपासून घ्या. बुद्ध्यांक मागवला असेल तर चाचणी कोणती आणि कधी झाली ते बघा. नागपूरच्या मॅलिन यांनी केलेली चाचणी साधारण ६ ते १५ वयाची, आपल्या उदाहरणातल्या मुलाला ती लागू नाही. तिथे बिने-कामत चालते. निरीक्षण गृहातल्या (चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात तिथल्या) पहिल्या, जागून काढलेल्या रात्रीनंतर घेतलेल्या चाचणीचा आकडा खरा धरू नका.

शरीराबद्दल चार गोष्टी विचारल्याच पाहिजेत: डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का, फिट येतात का, नीट ऐकू येतं का, नशा करतो का. नशेचं ‘हो/नाही’ पुरत नाही. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन की ‘बटन’ गोळ्या, कधीपासून, गेल्या ३० पैकी किती दिवस, शेवटची कधी. नशा तुटल्यावरची पहिल्या आठवड्यातली चिडचिड ‘स्वभाव उद्धट’ म्हणून नोंदली जाते, ती पुसायला पुढे कोणी येत नाही.

‘वडीलही तसेच’ हा आनुवंशिकतेचा पुरावा नाही, त्याच वडिलांच्या घरात मुलगा वाढलाय. हिंसक वागण्याशी जोडल्या गेलेल्या एमएओए जनुकाचा बोलबाला झाला, पण २००२ च्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासात परिणाम दिसला तो बालपणी छळ सोसलेल्यांमध्ये, आणि त्यावरून एकेका मुलाबद्दल काही सांगता येत नाही. जन्मजात गुन्हेगाराची कल्पना इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ मध्ये मांडली, त्याच्या पाच वर्षं आधीच इंग्रजांनी इथे अख्ख्या जमातींना कायद्याने गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, ‘पारधी आहे, म्हणजे…’ मात्र अजून गेलेलं नाही. अशा मुलावरचे आधीचे गुन्हे मोजताना पोलीस त्या वस्तीवर किती वेळा जातात, तेही मोजणीत धरा. जात कारणांच्या रकान्यात कधीच येत नाही.

लिहिताना प्रत्येक कारणापुढे ते कुठून कळलं ते द्या, आणि शक्यतो एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार शोधा. मुलगा निर्दोष आहे असंच धरून चालायचं, म्हणून ‘आरोपित कृत्य’ लिहा आणि कबुली काढू नका. कलम १५ खालचं प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे निर्घृण गुन्ह्यात १६ वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठीचं, हे वेगळं काम आहे. तिथे मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मानसोपचार जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. तुमचा अहवाल त्याच्या जागी वापरला जाऊ देऊ नका.

आपल्या उदाहरणातला परिच्छेद असा होईल: “आठवीत दिवाळीनंतर हजेरी थांबली (हजेरीपट), त्याच महिन्यात वडिलांचा अपघात (आई, रुग्णालयाचं कार्ड). तेव्हापासून गॅरेजवर १९-२० वर्षांच्या तिघांसोबत दिवसाचे दहा तास (गॅरेजमालक, मुलगा). त्याआधी वागण्याची तक्रार नाही (वर्गशिक्षक). नशेची नोंद नाही. आत्या दोन किलोमीटरवर राहते, मुलाला ठेवून घ्यायला तयार. शिफारस: चौकशीत दोष सिद्ध झाल्यास चांगल्या वर्तणुकीच्या परिवीक्षेवर मुक्तता, मुक्काम आत्याकडे, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी, वडिलांसाठी दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज.”