सिंगल कॉइल गिटारला आतून कंडक्टिव्ह रंग कसा मारावा आणि तो ग्राउंडला कसा जोडावा

अॅम्प चालू केला, व्हॉल्यूम वाढवला, अजून तारेला हातही लावला नाही आणि स्पीकरमधून चरचर सुरू झाली. स्ट्रॅटोकास्टर घडणीची सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार वाजवणाऱ्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा आहे. पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग), पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) आणि वायरी ज्या खोबणीत बसतात तिला आतून वीजवाहक रंग मारला, तर गिटारच्या पोटात एक धातूचा डबाच तयार होतो आणि बाहेरची चरचर त्या डब्याच्या भिंतीवरच अडते. रंग मारणं हा यातला सोपा भाग. खरं शिल्डिंग, म्हणजे आवाज अडवणारं कवच, होतं ते रंग ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टच्या बाजूला) पक्का जोडल्यावर. ग्राउंडला न जोडलेला रंग या कामी नुसता काळा रंगच राहतो. म्हणून या लेखात रंगापेक्षा जोडणी आणि मोजणीवर जास्त भर दिला आहे.

आधी आवाज ओळखा

रंगाचा डबा विकत घेण्यापूर्वी एवढं कराच. गिटार अॅम्पला जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि तारांवर हात ठेवा. हात ठेवताच चरचर कमी झाली, तर तो विद्युत क्षेत्रातून शिरलेला आवाज आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर हे त्याचे नेहमीचे उगम. शिल्डिंगने हा आवाज कमी होतो.

आता गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला खालच्या पट्टीतला ‘घूंऽऽ’ आवाज जवळपास नाहीसा होऊन दुसऱ्या दिशेला पुन्हा वाढत असेल, तर तो चुंबकीय आहे. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र थेट पिकअपच्या वेटोळ्यात शिरतं. ५० हर्ट्झला ते चुंबकीय क्षेत्र तांब्यातसुद्धा सुमारे ९ मिलिमीटर खोल जातं, मग केसाएवढ्या जाडीचा रंग त्याला काय अडवणार! या दुखण्यासाठी गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास हा आवाज आपसात खोडणाऱ्या दोन वेटोळ्यांचा ‘हंबकर’ पिकअप तयार केला. रंगाकडून ही अपेक्षा ठेवूच नका.

बऱ्याच गिटारींना कारखान्यातूनच आत काळा वाहक रंग मारलेला असतो. तुमच्या गिटारला तो असेल, तर कदाचित फक्त जोडणीच सुटलेली असेल. ते आधी मोजून पाहा.

कोणता रंग घ्यायचा

कार्बन किंवा ग्रॅफाइटचा रंग स्वस्त असतो आणि गिटारसाठी पुरतो. निकेलचा रंग महाग, पण वीज कितीतरी चांगली वाहतो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा रंग त्याहून सरस आणि त्याहून महाग. एमजी केमिकल्स या कंपनीचे हे तिन्ही प्रकार स्प्रेमध्ये मिळतात.

डब्याच्या माहितीपत्रकावर ‘ओम प्रति चौरस’ असा आकडा दिलेला असतो. रंगाच्या पातळ थराचा चौरस लहान असो की मोठा, त्याच्या समोरासमोरच्या कडांमधला रोध तेवढाच येतो. पट्टी रुंदीच्या दुप्पट लांब असेल तर दोन चौरस, म्हणजे दुप्पट रोध. चांगल्या निकेल रंगाचा आकडा एक ओमच्या आसपास असतो. कार्बनचा काही दहा ओमपासून हजारापर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. गिटारमध्ये अडवायचा प्रवाह अत्यंत क्षीण असल्यामुळे काहीशे ओमसुद्धा चालतात. माझं मत विचाराल तर पहिल्या गिटारला कार्बनच वापरा. निकेलमुळे अनेकांना त्वचेची अॅलर्जी होते आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. ब्रशने लावायचा पाण्यातला ग्रॅफाइट रंग मिळाला तर अरुंद, खोल खोबणीत तो स्प्रेपेक्षा नीट बसतो.

गिटार उघडणं आणि झाकणं

तारा काढा. पिकगार्डचे (गिटारच्या दर्शनी बाजूच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढून तो हळूच उलटा करा आणि सगळ्या वायरिंगचा फोटो घ्या. पिकगार्डवरून गिटारच्या अंगात जाणाऱ्या वायरी ओळखून ठेवा: दोन जॅककडे जातात आणि एक मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडे, म्हणजे ब्रिजच्या (तारा टेकतात त्या धातूच्या भागाच्या) ग्राउंडला. या तीन वायरींचे सोल्डरचे डाग सोडवले की पिकगार्ड बाजूला निघतो. ब्रिजची वायर कापून टाकू नका.

खोबणीत २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, भुसा पुसून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि वाळू द्या. वायरींच्या भोकांत कागदाचे बोळे घाला. गिटारचा दर्शनी भाग कागद आणि मास्किंग टेपने पूर्ण झाका. स्प्रेमधल्या द्रावणाचा एक शिंतोडासुद्धा पॉलिशवर कायमचा डाग पाडू शकतो. फक्त पिकगार्डखाली लपणाऱ्या काठाचा थोडा भाग एका स्क्रूच्या भोकापर्यंत उघडा ठेवा. पिकगार्डच्या मागचं शिल्ड आणि खोबणीतला रंग तिथेच एकमेकांना टेकणार आहेत.

रंग मारणं

हे काम गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत करा. या द्रावणांची वाफ पेट घेते, त्यामुळे आसपास गॅस, उदबत्ती किंवा समई पेटलेली नको. कापडी मास्कने भागत नाही. वाफ आणि कण दोन्ही अडवणारं कार्ट्रिज लावलेला रेस्पिरेटर, हातमोजे आणि चष्मा हवाच.

डबा हलवण्यात कंटाळा करू नका. वाहक कण जड असतात आणि तळाशी बसतात. ते नीट मिसळले नाहीत तर तुम्ही नुसतं बिनकामाचं वार्निश फवारता. आतली गोळी खुळखुळायला लागल्यावरही काही मिनिटं हलवा आणि प्रत्येक हाताआधी पुन्हा हलवा. २० ते २५ सेंटिमीटरवरून पातळ हात मारा, पहिला आडवा, दुसरा उभा. खोबणीचा तळ लवकर भरतो आणि उभ्या भिंती कोरड्या राहतात, म्हणून गिटार तिरकी करून प्रत्येक भिंतीवर समोरून फवारा. दोन-तीन हात पुरतात. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं.

मुंबई, कोकण, गोव्याकडच्या वाचकांनी भर पावसाळ्यात हे काम टाळावं. दमट हवेत द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि थर पांढुरका, कमजोर होतो.

रंग किमान २४ तास वाळू द्या. ओल्या रंगाचं मोजमाप फसवं असतं.

मोजणी

मल्टिमीटर ओमवर ठेवा. कंटिन्युइटीच्या ‘टीं’ आवाजावर विसंबू नका. बहुतेक मीटर काही दहा ओमच्या खालीच वाजतात, त्यामुळे उत्तम मारलेल्या कार्बन रंगावरही मीटर गप्प राहतो आणि माणूस उगाच आणखी हात मारत बसतो. प्रोबचं टोक रंगात खुपसू नका, ते आडवं टेकवा किंवा तांब्याच्या टेपचे दोन तुकडे दाबून त्यांवर मोजा. खोबणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भिंतीपासून तळापर्यंत, आणि पिकअपच्या प्रत्येक खणातून मोजा. एखाद्या ठिकाणी आकडा एकदम उसळला तर तिथला कोपरा कोरडा राहिलाय. निकेलला काही ओम आणि कार्बनला काहीशे ओम मिळाले की पुढे जा.

ग्राउंडची जोडणी

कार्बन रंगावर सोल्डरचा डाग बसत नाही. त्यासाठी गोल भोकाचा लग (वायर जोडायची धातूची छोटी पट्टी) घ्या आणि त्याला वायर आधीच, गिटारपासून लांब, सोल्डर करून घ्या. मग खोबणीच्या भिंतीत बारीक भोक पाडा, दातेरी वॉशर घालून लग छोट्या लाकडी स्क्रूने घट्ट आवळा आणि सांध्यावर थोडा रंग लावा. वायरचं दुसरं टोक व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर सोल्डर करा. जॅकची खोबण वेगळी असते. तिथला रंग मुख्य खोबणीशी जोडलेला नसेल तर तिथेही स्वतंत्र लग लावा.

पिकगार्डच्या पाठीलाही तोच रंग किंवा चिकट अॅल्युमिनियम फॉइल लावा. झाकणाशिवाय डबा अर्धवटच. पिकगार्ड बसवल्यावर त्याचं शिल्ड खोबणीच्या काठाला खरंच टेकतंय ना, हे मोजून पाहा.

आता जॅककडे लक्ष द्या. केबल खुपसली की जॅकची आतली पट्टी बाहेर वाकते आणि रंगवलेल्या भिंतीला टेकू शकते. ती टेकली की सिग्नल थेट ग्राउंडला जातो आणि गिटार मुकी होते. त्या भिंतीवर इन्सुलेशन टेप लावा. पिकअप निवडायच्या पाच पोझिशनच्या स्विचच्या बाजूलाही लावा. केबल जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक व बाही (टोकामागचा लांब धातूचा भाग) यांमध्ये ओम मोजा. एक पिकअप निवडलेला असताना साधारण ५ ते ७ किलोओम दिसायला हवेत. शून्याच्या जवळ काही दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे.

घराच्या अर्थिंगबद्दल

गिटारचं ग्राउंड केबलमधून अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जातं आणि तिथून तीन पिनी प्लगच्या जाड पिनेमार्गे घराच्या अर्थिंगला. तुमचा हात तारेवर असतो, म्हणजे तुम्हीही त्याच साखळीत असता. अॅम्पमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसेल, तर विजेचा धक्का थेट तारांतून बसतो. आवाज कमी व्हावा म्हणून अर्थची पिन काढणं किंवा दोन पिनी अडॅप्टर लावणं जिवावर बेतू शकतं. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि शक्य असेल तर ३० मिलीअॅम्पचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. वाहक रंग सुरक्षेच्या अर्थिंगला कधीही पर्याय होत नाही. मिक्सर, पंखा किंवा कुठल्याही उपकरणाच्या बॉडीला अर्थ देण्यासाठी तो वापरू नका. बिघाडाचा मोठा प्रवाह वाहायला तांब्याची वायरच लागते.

तारा चढवा आणि पहिल्या चाचणीच्या वेळी होता त्याच जागी, त्याच व्हॉल्यूमला, तोच पंखा आणि तेच दिवे चालू ठेवून ऐका. चरचर खाली गेलेली असेल. ‘घूंऽऽ’ उरलं असेल तर स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या पोझिशनला नेऊन पाहा. मधला पिकअप उलट्या वेटोळ्याचा असेल तर तिथे तेही विरतं.