लॉक्ड प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? आधी रॅमला आवरा

लॉक्ड प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतच नाही, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर नेताच येत नाही, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी विचारा, बाबा कुठल्या जमान्यातला प्रोसेसर म्हणतोयस. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजपासून पुढे काही वर्षं बेस क्लॉकच्या (प्रोसेसरच्या मूळ ठोक्याच्या) गळ्यात पीसीआय एक्सप्रेसपासून (ग्राफिक्स कार्ड वगैरेची जोडणी) सगळंच अडकवलेलं, तिथे १०० चे १०४-१०५ करतानाच दम लागतो, त्यात वेळ घालवू नका. पण त्याआधीचे कोर २ ड्युओ, कोर २ क्वाड, त्या काळातले पेंटियम, यांचं लॉक फक्त मल्टिप्लायरला (मूळ क्लॉकला गुणायच्या आकड्याला) आहे आणि तेही वर न्यायला. एफएसबी, म्हणजे ज्याला गुणायचं तो मूळ क्लॉक, मोकळाच आहे. आपल्याला तोच वाढवायचाय.

उदाहरण म्हणून कोर २ ड्युओ ई८४०० घेतो. ३३३ मेगाहर्ट्झचा एफएसबी गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. एफएसबी ४०० केला की ३.६. डब्यावर १३३३ लिहिलेलं असतं ते ३३३ च्या चौपट, त्या आकड्याने गोंधळू नका, बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) बहुतेक ३३३ च दिसेल.

कूलर साफ, पेस्ट नवीन, डेटाचा बॅकअप झालेला, हे धरून चालतो.

बायोसमध्ये जाऊन एफएसबीचा आकडा बदलता येतो का बघा. ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर बहुतेक वेळा तो पर्यायच नसतो. मग लोक सांगतात विंडोजमधून एफएसबी वाढवणारं सॉफ्टवेअर टाक. माझं मत विचाराल तर टाकू नका, त्यात रॅमचं गुणोत्तर आपल्या हातात राहत नाही आणि सगळी मारामारी तिथेच आहे, ते पुढे येतंच.

पर्याय असेल तर पीसीआय एक्सप्रेस १०० वर फिक्स करा, ऑटोवर सोडू नका. काही बोर्ड ऑटोवर एफएसबीच्या मागोमाग तोही वाढवतात आणि मग हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब व्हायला लागतात. ईआयएसटी आणि सी१ई (वीज वाचवायला प्रोसेसर हळू करणाऱ्या दोन सेटिंग) तात्पुरते बंद करा, नाहीतर पीसी रिकामा असताना मल्टिप्लायर ६ वर उतरलेला दिसेल आणि तुम्ही म्हणाल अरे स्पीड तर कमी झाला.

आता रॅम. इथे मी तीन रात्री घालवल्यात. एफएसबी ३६० च्या पुढे नेला की विंडोज लोड होता होता निळी स्क्रीन, आणि जो तो मला एकच सांगत होता, व्होल्टेज वाढव. मी वाढवत गेलो, प्रोसेसर तापत गेला, निळी स्क्रीन होती तिथेच. चिप फालतू निघाली असं ठरवून मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. चिपचा काही दोष नव्हता हो. रॅम एफएसबीला गुणोत्तराने बांधलेली असते आणि ते मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हिशोब बघा. डीडीआर२-८०० ची रॅम आणि ३३३ चा एफएसबी, तर बायोसमध्ये मेमरी मल्टिप्लायर २.४० असतो, ३३३ गुणिले २.४० म्हणजे ८००. आता तुम्ही फक्त एफएसबी ४०० केला आणि बाकी कशाला हात लावला नाही तर रॅम ९६० वर पळायला लागते. साधी ८०० ची रॅम हे झेपवत नाही, ती कोसळते आणि शिव्या प्रोसेसर खातो. म्हणून एफएसबीला हात लावायच्या आधी मेमरी मल्टिप्लायर २.०० करा. काही बोर्डांवर हेच १:१ म्हणून दिसतं. ४०० गुणिले २ म्हणजे बरोबर ८००, रॅम तिच्या घरात, आपण आपल्या. सीपीयू-झेडमध्ये (स्पीड दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रॅम ४०० दिसली तर घाबरू नका, डीडीआर आहे, दुप्पट करून वाचा.

आणि एक युक्ती जी मला फार उशिरा कळली. प्रोसेसरचा मल्टिप्लायर वर जात नाही पण खाली येतो. तो ६ करा आणि मग एफएसबी ४०० करा. प्रोसेसर २.४ वर आला, म्हणजे मूळ स्पीडपेक्षाही खाली, त्याची तक्रार असायचं कारण नाही. आता मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा. एरर आली तर दोष रॅमचा नाहीतर बोर्डाचा, प्रोसेसर सुटला. ही पायरी गाळून थेट ३.६ वर उडी मारणाऱ्यांना दोष कोणाचा ते कधीच कळत नाही, मग ते व्होल्टेज वाढवत बसतात. माझ्यासारखे.

मेमटेस्ट पास झाली की एफएसबी परत ३३३ वर, मल्टिप्लायर परत ९, आणि एफएसबी दहा-दहाने वर. प्रत्येक टप्प्याला प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण दमवणारा प्रोग्रॅम) ची स्मॉल एफएफटी ही मुख्यतः प्रोसेसरची टेस्ट अर्धा तास, शेवटी ब्लेंड ही रॅमलाही कामाला लावणारी टेस्ट काही तास. स्मॉल एफएफटीतच वर्कर (टेस्टमधलं एखाद्या कोअरचं काम) एरर देऊन थांबला तर कोअर व्होल्टेज कमी पडतंय. स्मॉल पास आणि ब्लेंड नापास, तर परत रॅमकडे बघा.

व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात. हाताने टाका, एकेक पायरी वाढवा. या ४५ नॅनोमीटरच्या चिपांसाठी इंटेलची व्हीआयडीची (चिपने स्वतः मागायच्या व्होल्टेजची) वरची हद्द १.३६२५ व्होल्ट आहे, मी तिथेच थांबतो, कोणी १.४५ सांगितलं तरी. तापमान कोअर टेम्प या प्रोग्रॅममध्ये बघत राहा, स्मॉल एफएफटीत ७५ च्या वर गेलं की मी खाली उतरतो.

पीसी सुरूच झाला नाही तर पॉवरची वायर काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटं थांबा, परत लावा. बायोस मूळ सेटिंगवर येईल, म्हणजे मेमरी मल्टिप्लायरही परत २.४० किंवा ऑटोवर. तो आधी २.०० करा, मग एफएसबीकडे वळा.