सुकलेली शाई आणि थेंबाचं भिंग

चवथीच्या आदल्या दिवशी, डिचोलीच्या दुकानात आरत्यांची पानं छापताना अक्षरांतून पांढऱ्या रेघा. प्रिंटरचं क्लीनिंग चारदा केलं. शाई तेवढी गेली.

थर्मल इंकजेट प्रिंटरमध्ये इवलासा रोधक (रेझिस्टर) विजेने काही मायक्रोसेकंद तापतो, शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि तोच थेंब बाहेर ढकलतो. थेंब सुटायचं बारीक भोक, म्हणजे नोझलच बुजलं तर बुडबुडा काय करणार?

फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब सोडला, वर शाईचं कार्ट्रिज आणि बाजूने टॉर्च धरला. थेंबाचं भिंग झालं! नोझलपट्टीच्या एका टोकाला तपकिरी खपली स्पष्ट दिसली.

कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर कार्ट्रिज दहा मिनिटं टेकवलं. घासायचं अजिबात नाही, फक्त टिपायचं. तांब्याचे संपर्क कोरडे ठेवले. नळाचं पाणी नकोच, क्षार राहतात.

तिसऱ्या पानावर ‘सुखकर्ता’ काळंभोर उमटलं.