मायक्रोवेव्ह चालूच होत नाहीये? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे बघा

मागच्या रविवारी सिडकोतल्या मावशीचा फोन आला, मायक्रोवेव्ह बंद पडला रे, आता नवीनच घ्यावा लागतो वाटतं. जाऊन बघितलं तर डिस्प्लेवर घड्याळ दिसतंय, दार उघडलं की आतला दिवा लागतोय, पण दार लावल्यावरही दिवा तसाच चालू आणि स्टार्ट दाबलं की काहीच नाही. म्हणजे दार नीट लागलंय हे मशीनला कळतच नव्हतं. दाराच्या कडेला दोन हुक असतात, ते ज्या खाचेत जातात तिथे तेलकट चिकटा आणि वाळलेले पोहे अडकले होते. प्लग काढून कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, परत लावलं तर बारीक टक् असा आवाज आला आणि चालू झाला!

त्यामुळे आधी एवढंच बघा की डिस्प्ले चालू आहे की पूर्ण बंद.

डिस्प्ले चालू असेल तर दार, नाहीतर चाइल्ड लॉक. स्क्रीनवर कुलूप किंवा चावीचं चिन्ह दिसत असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये स्टॉपचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की लॉक निघतं. लाईट जाऊन आल्यावर काही मॉडेल आधी घड्याळ लावायला सांगतात, तेही बघून घ्या.

डिस्प्लेच बंद असेल तर सॉकेट तपासा, पण मोबाईलचा चार्जर लावून नको, चार्जर अगदी कमी करंटवर चालतो, त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. एमसीबी, म्हणजे घरच्या वीजबोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, पडलाय का बघा. आणि मायक्रोवेव्ह एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको, 6 अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट देतो आणि कन्व्हेक्शनवाले ओव्हन त्याच्यापेक्षा जास्त खातात, त्यांना 16 अँपिअरचाच सॉकेट लागतो. प्लगची पिन काळी पडली असेल तर आधी सॉकेट बदलून घ्या.

आपल्याकडे मायक्रोवेव्हवर विणलेलं कव्हर आणि त्यावर बरण्या ठेवायची सवय असते, त्याने हवेच्या जाळ्या झाकल्या जातात, मशीन तापतं आणि आतला थर्मल कटआउट ते बंद करतो. सगळं काढा, तासभर थंड होऊ द्या, मग लावा. तपासताना आत कपभर पाणी ठेवूनच एक मिनिट चालवा, रिकामा कधीच नाही.

एवढं करून नाही झालं तर थांबा, मागचं कव्हर उघडू नका प्लीज, कळकळीने सांगतोय. आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) 2000 व्होल्टच्या आसपास असतं आणि प्लग काढल्यावरही ते तिथे राहू शकतं, माणूस जाऊ शकतो. यूट्यूब बघून फ्यूज बदलायलाही जाऊ नका.

फ्यूज सारखा उडत असेल तर मेकॅनिकला दाराचे स्विच तपासायला सांगा. दाराला साधारण तीन स्विच असतात, पहिले चिकटून बसले आणि दार उघडलं तर तिसरा मुद्दाम फ्यूज उडवतो म्हणजे उघड्या दाराने मशीन चालू राहत नाही. तो स्विच बायपास करून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला सरळ नाही म्हणा. पावसाळ्यात कंट्रोल पॅनलमध्ये ओल येते, कधी झुरळंही शिरतात, तेही मेकॅनिकलाच बघू द्या.

फोन करताना मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि दिवा, डिस्प्ले, टक् यातलं काय होतंय काय नाही ते सांगा, म्हणजे तो येताना बरोबर पार्ट घेऊन येईल.