परीक्षा आटोपल्यावर जपान : एप्रिलच्या उत्तरार्धात साकुरा कसा गाठाल?

शाळकरी मुलं घरात असली की जपानची सहल परीक्षांनंतरच जमते, म्हणजे बहुतेकांना एप्रिलचा मध्य उलटतो. टोकियो आणि क्योतोतली फोटोत दिसणारी साकुराची, म्हणजे चेरीच्या फुलांची, झाडं मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला फुलतात. आपण पोहोचेपर्यंत त्यांना पालवी फुटलेली असते. पण म्हणून साकुरा हुकला असं नाही. बहर एप्रिलभर उत्तरेकडे आणि डोंगरावर सरकत असतो. सहल त्याच्या मागोमाग आखायची.

आधी तारखांचं गणित

टोकियोत बहर सुरू झाला की नाही, हे यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका झाडावरून ठरतं. हवामान खात्याची माणसं त्यावर नजर ठेवून असतात. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं आणि टीव्हीवर त्याची मोठी बातमी होते. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. त्याला पुढे आठवडा-दहा दिवस लागतात, आणि त्यानंतर सगळं पावसा-वाऱ्याच्या मर्जीवर.

एका शहरातली झाडं एकदम फुलतात याचं कारण म्हणजे त्यांतली बहुसंख्य सोमेई योशिनो या एकाच जातीची आहेत. हापूससारखीच ही जात बीपासून नव्हे, कलमानं वाढवतात. सगळी झाडं मुळात एकाच झाडाच्या नकला. हवा सारखी मिळाली की सारखीच वागतात.

जुन्या प्रवासवर्णनांतल्या तारखांवर मात्र विसंबू नका. क्योतोत बाराशे वर्षांपासूनच्या बहराच्या नोंदी आहेत आणि २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चलाच आला, तोवरच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. सरकारी हवामान खातं २०१० पासून अंदाज देत नाही, पण खासगी कंपन्यांचे अंदाज हिवाळ्यातच येऊ लागतात आणि वरचेवर सुधारले जातात. विमानाचं तिकीट आधी काढा, पण सहलीचे शेवटचे तीन-चार दिवस मोकळे ठेवा. त्या दिवसांसाठी रद्द करता येणारी हॉटेलंच घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी माझ्या मते ते वसूल होतात.

एप्रिलच्या मध्याला पोहोचत असाल तर

उशिरा फुलणाऱ्या जाती शोधा. क्योतोच्या निन्नाजी मंदिरातली ओमुरो साकुराची बुटकी झाडं शहरातल्या इतर झाडांनंतर फुलतात. फुलं अगदी डोळ्यांसमोर येतात, मान वर करावी लागत नाही. टोकियोत शिंजुकू ग्योएन बागेत जा. तिथं अनेक पाकळ्यांच्या, गेंदेदार फुलांच्या जाती एप्रिलच्या मध्यानंतरही असतात. प्रवेश फी ५०० येन, दारूला बंदी.

ओसाकाच्या टांकसाळीचं आवार १८८३ पासून दर वसंतात लोकांसाठी उघडतं. सुमारे ५६० मीटरची वाट, एकाच दिशेनं चालायचं, आठवडाभरच खुली. तारखा दरवर्षी बदलतात आणि अलीकडे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, म्हणून निघण्यापूर्वी बघून ठेवा. नारा भागातल्या योशिनो डोंगरावर खालची झाडं आधी आणि माथ्यावरची शेवटी फुलतात. उशीर झाला असेल तर थेट वरच्या टप्प्यावर जायचं.

१४-१५ एप्रिलला जवळपास असाल तर ताकायामा हे डोंगरातलं शहर सोडू नका. तिथल्या वसंतोत्सवात कोरीव कामाचे १२ रथ निघतात, त्यांतल्या काहींवर दोऱ्यांनी हलणाऱ्या बाहुल्यांचे खेळ होतात. पाऊस आला तर रथ बाहेर काढत नाहीत.

विसाव्या तारखेच्या आसपास : हिरोसाकी

मला विचाराल तर उशिरा जाणाऱ्यानं टोकियोवर न रेंगाळता सरळ उत्तरेकडच्या हिरोसाकीला यावं. टोकियोहून हायाबुसा या शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, शिन-आओमोरी साधारण सव्वातीन तास, तिथून लोकल गाडीनं हिरोसाकी. हायाबुसात सगळी आसनं आरक्षित असतात, हे लक्षात ठेवा.

हिरोसाकीच्या किल्ल्याच्या बागेत सुमारे २,६०० झाडं आहेत आणि त्यांतली काही शंभरी ओलांडलेली. सोमेई योशिनोचं आयुष्य एरवी साठ-सत्तर वर्षांचं मानतात. हा सफरचंदांचा मुलूख. बागायतदार सफरचंदाची जशी छाटणी करतात तशीच इथं साकुराची करू लागले आणि म्हातारी झाडं पुन्हा फांद्या-फुलांनी भरली. एका कळीतून निघणाऱ्या फुलांची संख्याही इथं जास्त दिसते.

पूर्ण बहर हुकला तरी दोन-चार दिवस थांबा. पाकळ्या खंदकात पडून पाणी गुलाबी होतं. काही जण फुलांपेक्षा त्यासाठीच येतात. सकाळी लवकर जा.

इथंही उशीर झाला तर समुद्राखालच्या सेइकान बोगद्यातून पलीकडे होक्काइदो बेटावर, हाकोदातेच्या गोर्योकाकू या चांदणीच्या आकाराच्या किल्ल्यावर. तिथला बहर साधारण एप्रिलअखेरीचा. शेजारच्या मनोऱ्यावरून चांदणीचा आकार नीट दिसतो.

झाडाखाली बसायची रीत

प्लास्टिकची निळी शीट घ्या, शंभर येनच्या दुकानात मिळते. बूट काढून बसायचं. मुळांवर शीट पसरायची नाही, फांदी ओढून फोटो काढायचा नाही. कचरा पिशवीत भरून सोबत न्यायचा, कारण बहुतेक बागांत डबेच नसतात. शीट पसरायला परवानगी आहे का, हे फलकावर बघा. टांकसाळीच्या वाटेवर बसणं-खाणं चालत नाही.

खायला गुलाबी-पांढरा-हिरवा हानामी दांगो घ्या, तांदळाच्या पिठाचा, काडीला टोचलेला. खारवलेल्या साकुराच्या पानात गुंडाळलेला साकुरामोची हा गोड पदार्थ पानासकट खातात. शाकाहारींनी ओनिगिरी (भाताचा गोळा) घेताना उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोम्बूची (समुद्री शेवाळ) मागावी, पण भाषांतराचं अॅप लेबलवर धरूनच. साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही माशाचा अर्क असतो.

लवकर निघता आलं तर

८ एप्रिलला अनेक मंदिरांत बुद्धजन्म साजरा होतो. फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती असते आणि लोक पळीनं तिच्यावर गोड चहा ओततात. आपली बुद्धपौर्णिमा वैशाखात, तिथीप्रमाणे. तिथं एकोणिसाव्या शतकात, मेईजी काळात, दिनदर्शिका बदलली आणि तारीख ठरून गेली. याच दिवसांत जपानी शाळा सुरू होतात. आपली मुलं परीक्षा संपवत असतात, तेव्हा तिकडची पहिलीतली मुलं दप्तर पाठीला लावून फुललेल्या झाडाखाली फोटो काढून घेतात.

२९ एप्रिलपासून गोल्डन वीकच्या सुट्ट्या लागतात. त्या आठवड्यातली गाडी आणि मुक्काम महिनाभर आधीच पक्के करा. उत्तरेत संध्याकाळी चांगलीच थंडी पडते, तेव्हा जॅकेट बॅगेत असू द्या.